शिसवी रंगाची खुर्ची

रविवार, २८ नोव्हेंबर १९४३. कळंब

अर्ज परत आला. दुसऱ्यांदा. निजाम सरकारच्या तालीम खात्याच्या, म्हणजे शिक्षण खात्याच्या, चपराशानं तो ओसरीवर ठेवला, तांब्याभर पाणी प्याला आणि निघून गेला. शेरा उर्दूत, गेल्या वर्षीचाच: बसण्याचं सामान नाकाबिल. मास्तरला खुर्ची नाही, मेज नाही, कपाट नाही, दाराची कडी लागत नाही, म्हणून ही शाळा नव्हे. तेवीस मुलं माझ्या ओसरीवर बसून मराठी लिहितात-वाचतात, ही गोष्ट खात्याच्या लेखी घडतच नाही. खासगी शाळेला सरकारची इजाजत लागते. ती नसताना शिकवलं तर कुलूप लावतात.

खाली एक ओळ मात्र नवी आहे. बावीस डिसेंबरला नाजिरसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अंमलदार, स्वतः पाहणीला येणार. तेव्हाही सामान नसेल तर शाळा बंद करण्यात यावी.

सरकारी मदरशातली नोकरी सोडून मी ही शाळा काढली त्याला तीन वर्षं झाली. वयाचं चव्वेचाळिसावं चालू आहे. दमलो आहे, हे इथं लिहायला हरकत नाही. गंगम्माला, माझ्या बायकोला, शेरा वाचून दाखवला. तिनं विचारलं, "खुर्ची नवीच पायजे असं लिवलंय का?" नाही म्हटलं. "मंग जुनी चालंल की," म्हणाली आणि चुलीकडं गेली.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

महांतप्पा आडत्यांकडं गेलो. त्यांची दोन नातवंडं माझ्याकडं शिकतात. मागायला तोंड उघडवत नव्हतं, पण त्यांनीच सोपं केलं. "मास्तर, गोदामाच्या मागं काय बाय पडलंय. वाळवीनं ठिवलं आसंल तेवढं घिऊन जावा."

वाळवीनं ठेवलेलं असं: एक खुर्ची, दोन हातांची पण बैठक नसलेली; एक मेज, तीन पायांवर उभं; एक कपाट, एका दाराचं. खुर्चीच्या चौकटीत कोंबडी अंडी उबवत होती. तिला उठवताना मला लाज वाटली. सगळ्यावर हिरवा रंग, हिरव्याखाली निळा, निळ्याखाली देवाला ठाऊक काय.

गाडीतून उतरवल्यावर गंगम्मा तिन्ही वस्तूंभोवती हिंडली. बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. म्हणाली, "हाडं चांगली हायती." मला त्यात एकही चांगलं हाड दिसलं नाही.

गुरुवार, २ डिसेंबर

चुना आणि पापडखार कालवून लेप दिला होता. सकाळी रंग फुगून आला. फुटक्या कंदिलाच्या काचेनं दिवसभर खरडला. लढाईमुळं बाजारात काचकागद नाही. गंगम्मानं मठातल्या पारिजातकाची पानं सुकवून आणली. ती इतकी खरखरीत असतात की लाकूड गुळगुळीत होतं आणि बोटं सोलतात. चाळीस पानं संपली तेव्हा खुर्चीचा एक हात झाला.

मी खरडत असताना पोरांना ती सांभाळते. सोलापूरला मुलींच्या शाळेत तिच्या पाच यत्ता झाल्या आहेत, त्यामुळं तिच्यापुढं पोरं गप्प बसतात. आज त्यांचा पावकीचा पाढा इकडं ऐकू येत होता. माझ्यापुढं म्हणताना एवढ्या जोरात म्हणत नाहीत.

शनिवार, ४ डिसेंबर

बंडप्पा सुतार मेजाचा चौथा पाय बसवून गेला. भेगा भरायला त्यानं सरस आणला होता. गंगम्मानं तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. "कातडं उकळून क्येलेलं लिंगायताच्या घरात? अय्यो!" मग बाभळीचा डिंक भिजवून त्यात लाकडाचा भुसा मळला आणि भेगा लिंपल्या. बंडप्पा म्हणाला, धरील. तो सगळ्यालाच 'धरील' म्हणतो.

रंग निघाला आणि खरी पंचाईत कळली. खुर्चीचे हात सागाचे, पाय बाभळीचे, पाठ कडुलिंबाची. तीन लाकडं, तीन रंग. नाजिरसाहेबांना ती खुर्ची न वाटता जुळणी वाटेल. पॉलिशला लाख लागते आणि स्पिरीट लागतं, दोन्ही लढाईवर गेलंय. जवसाच्या तेलात काजळी कालवून एक पाय रंगवून पाहिला. धुरकटलेल्या माळवदाचा वासा दिसतो तसा दिसला. पुसून काढायला संध्याकाळ गेली.

सोमवार, ६ डिसेंबर

आज मला सुचलं. बैलगाडीच्या साट्याला बिब्ब्याचं तेल लावतात, ते लाकूड कसं काळंभोर, तुकतुकीत दिसतं! वाळवी शिवत नाही. आणि बालाघाटाच्या डोंगरात बिबवे हवे तेवढे पडलेले असतात. एक पैसा नको.

बंडप्पाला सांगितलं तर त्यानं मान हलवली. "मास्तर, बिब्बा उन्हाळ्यात लावत्यात. ह्या थंडीत त्यो वाळत न्हाय. वाळल्यागत दिसतो निस्ता. अन् अंगावर उतला मंजी मानूस सुजून भोपळा हुतोय."

मी हसलो. लहानपणी आम्ही बिबवे फोडून एकमेकांच्या अंगाला चोपडायचो, मला कधी साधी खाज आली नाही. तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुमास्नी न्हाय उतत. समद्यास्नी तसंच आसतंय व्हय?" बंडप्पाला दुसऱ्याच्या कल्पनेत खोट काढायची सवयच आहे.

बुधवार, ८ डिसेंबर

परसात मडकं पालथं घालून गंगम्मानं बिबव्यांचं तेल काढलं. धूर लई होता. मी वर्ग घेतला, कारण आज भागाकार होता. हाताला खोबरेल चोळून, काठीला चिंधी बांधून तिनंच पहिला हात दिला. संध्याकाळी पाहिलं तर साग, बाभळ, लिंब सगळं एकजात काळं झालेलं. शिसवीच! मी कितीतरी वेळ खुर्चीकडं बघत उभा होतो. खूप दिवसांनी बरं वाटलं.

शुक्रवार, १० डिसेंबर

चुलीपाशी शेजारच्या धुरपताबाई. विचारलं तर गंगम्मा म्हणाली, तव्याला हात पोळला, चार दिवस त्या भाकरी टाकतील. तेवीस वर्षांत हिचा हात कधी पोळला नाही, तो नेमका आता पोळायचा होता! धुरपताबाईंची भाकरी जाड असते. शिवाय त्या बोलतात फार. त्यांचा भाऊ बलभीम येरमाळ्याच्या मुसाफिर बंगल्यावर स्वयंपाकी आहे, त्यामुळं कुठला अंमलदार काय खातो हे आम्हाला आता रोज जेवताना कळतं.

रविवार, १२ डिसेंबर

आज मी तिच्यावर चिडलो, तेही लिहून ठेवतो. पाणी देताना पदराखालून तिचं मनगट दिसलं तर बांगडी नाही. दोन्ही हात मोकळे. नवरा जिवंत असताना! म्हटलं, हे काय? म्हणाली, काम करताना पिचल्या, कासार आला की भरीन. म्हटलं, कासार परवाच गल्लीत येऊन गेला. तिनं हात पदरात घेतले. नाजिरसाहेबांपुढं घरची बाई रित्या हातांनी दिसली तर काय म्हणतील, याचाही विचार माणसानं करावा.

तिची लिंगपूजाही हल्ली लांबते. दार लोटून बसते. तळहातावर लिंग घेऊन पूजा करायला पूर्वी घटकाभरही लागत नसे. पोरं ताटकळतात.

मंगळवार, १४ डिसेंबर

दुसरा हात झाला. तिनंच दिला. मला वर्ग होता. रंग पहिल्यापेक्षा खोल आला आहे.

गंगम्माचं तोंड एका बाजूनं सुजलंय. दाढ दुखते म्हणाली. लवंग धरायला सांगितलं. हे सगळं बावीस तारखेनंतर झालं असतं तर काय बिघडलं असतं?

शुक्रवार, १७ डिसेंबर

बिजागऱ्या काढून ताकात भिजत घातल्या होत्या, गंज सुटला. दाराची कडी ठोकून सरळ केली आणि कोयंड्यात बसली! तीन वर्षांत पहिल्यांदा. चार वेळा लावून पाहिली. कपाटाला दुसरं दार नाहीच. तिथं गंगम्माच्या जुन्या इरकली लुगड्याचा पडदा लावला. पितळी मुठी चिंचेनं घासल्या.

खुर्चीची बैठक अंबाडीच्या दोरीनं विणायची होती. गंगम्मा विणायला बसली ती हाताला फडकी गुंडाळून. दोरी टोचते म्हणे. सोलापूरचा नाजूकपणा अजून गेला नाही, असं मी थट्टेनं म्हटलं. ती हसली नाही. पण वीण मात्र अशी घट्ट घातली आहे की हत्ती बसला तरी दबणार नाही. तीन दिवस लागले तिला.

रविवार, १९ डिसेंबर

शेवटचा पातळ हात. आज खुर्चीच्या हातांवर मीच दिला, कारण तिथला रंग सगळ्यात आधी दिसणार. माझ्या बोटांना काळे डाग पडले, बाकी काही झालं नाही. बंडप्पाला बोटं दाखवली. तो म्हणाला, "ऊन कुटं हाय मास्तर? झाकून ठिवा. कुनी बसू नका."

फळ्यावर लिहायला गंगम्मा हल्ली तारामतीला उठवते. तारामती बंडप्पाची मुलगी, वय दहा. गंगम्मा नुसती सांगते आणि पोर लिहिते. मी म्हटलं, पोरीचं अक्षर वळायला बरं आहे. ती म्हणाली, "व्हय, तेच."

आज पाठ इतकी दुखतेय की पुढचं लिहवत नाही.

बुधवार, २२ डिसेंबर

झालं. एकदाची पाहणी झाली.

नाजिरसाहेब दहाला आले, दोनला गेले. थकलेला, सज्जन माणूस. गेले अकरा दिवस फिरतीवर आहेत. खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळेच मिटले. मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घासत म्हणाले, "वा. बहुत दिनों बाद ढंग की कुर्सी मिली. शिसम है?"

मी म्हटलं, "हौ, जनाब."

का म्हटलं, ठाऊक नाही. तोंडातून निघून गेलं. पोरांनी पाढे म्हटले, तारामतीनं वाचून दाखवलं. कुणी शिकवलं विचारलं तेव्हा तिनं माजघराकडं बोट केलं. मी घाईनं सांगितलं की घरातून पोरांवर लक्ष असतं. साहेबांनी कडी लावून पाहिली, कपाटाचा पडदा बाजूला करून पाहिला आणि हसले. जाताना अर्ज बरोबर घेतला आणि म्हणाले, उस्मानाबादला पोचलो की सही करतो, समझो हो गया.

संपूर्ण चार तास ते त्या खुर्चीतच होते. निघताना उठवत नव्हतं त्यांना. गंगम्माला सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली होती, तशीच झोपली.

शुक्रवार, २४ डिसेंबर

धुरपताबाई रडत आल्या. नाजिरसाहेब येरमाळ्याच्या मुसाफिर बंगल्यावर मुक्कामाला आहेत. काल सकाळी उठले तर तोंड, हात सुजलेले, फोड आलेले, डोळे उघडेनात. जेवणात काहीतरी घातलं म्हणून बलभीमला चौकीत नेऊन बसवलंय. "माझा भाऊ आळणी सुदीक करत न्हाय कुनाला, त्यो ईख घालंल?" असं म्हणत त्या चुलीपुढं बसल्या.

हात आणि तोंड. मला लगेच कळलं. खुर्चीचे हात, आणि त्याच हातांनी पुसलेलं तोंड.

मी काही बोललो नाही.

शनिवार, २५ डिसेंबर

आज नाताळ, कचेऱ्या बंद. साहेब अजून येरमाळ्यालाच. म्हणजे सही झालेली नाही.

सांगायला गेलो तर काय होईल? खुर्ची शिसवी नाही, हे कळेल. अंमलदाराला इजा केली, हे कळेल. तेवीस पोरं घरी. आणि नाही गेलो तर? सूज आठ-पंधरा दिवसांत उतरते. बलभीमविरुद्ध काही सापडणार नाही, कारण काही नाहीच. त्याला सोडतीलच. दिवसभर हाच हिशेब घोळवला आणि दर वेळी उत्तर मला हवं तेच आलं. वर्गात पोरांना खरं बोलण्यावरचा धडा होता. तो उद्यावर ढकलला.

धुरपताबाई आजही आल्या. डोळे सुजलेले. आमच्या भाकरी टाकून गेल्या. मी त्या खाल्ल्या.

रविवार, २६ डिसेंबर

बलभीमला सोडलेलं नाही. चौकीत मारलं असं कुणी म्हणतं, कुणी नाही म्हणतं.

पत्र लिहायला घेतलं. 'जनाबे आली' एवढंच लिहून झालं. कागद फाडला.

संध्याकाळी गंगम्मानं विचारलं, "नाजिरसाहेब खुर्चीत किती येळ बसले हुते?" म्हटलं, चार तास. तिनं बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. "तुमास्नी कवापासनं ठावं हाय?"

मी म्हटलं, इजाजत जाईल.

"जाऊ द्या."

"शाळा जाईल, गंगम्मा."

"धुरपताबाईनं तीन दीस झाले रडत भाकरी टाकली. आपुन खाल्ली," ती म्हणाली. "म्या उद्या जानार. तुमी या, न्हाईतर नका येऊ."

मंगळवार, २८ डिसेंबर

काल येरमाळ्याला जाऊन आज परतलो. जसं घडलं तसं लिहितो.

पहाटे महांतप्पांची गाडी जोडली. सात कोसांची वाट. ती मागं बसली, हात पदरात गुंडाळून. वाटभर मी मनात उर्दू वाक्यं जुळवत होतो.

नाजिरसाहेब बंगल्याच्या पडवीत बाजेवर पडले होते. ओळखू येत नव्हते. डोळ्यांच्या जागी नुसत्या चिरा. मी वाकून सलाम केला आणि सुरू केलं, "जनाब, बंदा निहायत शर्मिंदा..." आणि तिथंच अडकलो. पुढचं काही आठवेना. ते वाट पाहत होते. चपराशी वाट पाहत होता.

तेव्हा गंगम्मा पुढं झाली आणि तिनं पदरातून हात बाहेर काढले.

मी ते हात पहिल्यांदा पाहिले. तळव्यांची सालटं निघालेली. बोटांच्या बेचक्यांत भेगा, त्यांत रक्त सुकलेलं. मनगटं सुजून काळी पडलेली. तिथं बांगडी चढणंच शक्य नव्हतं. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. माझ्यासमोर, माझ्या घरात, हे हात वावरत होते. मी रोज सकाळी तेवीस मुलांची हजेरी घेत होतो.

"साहेब," ती म्हणाली, "ह्यो बिब्बा हाय. आमी खुर्चीला लावला हुता, वाळला न्हाय. जेवनाचा काय बी संबंध न्हाय. त्या मानसाला सोडा."

साहेबांनी आपला हात उचलून तिच्या हाताशेजारी धरला. तेच फोड, तोच काळपटपणा. "भिलावां," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "शिसम नहीं?"

"नहीं, जनाब. बाभळ, लिंब. हात सागाचे."

ते हसले असावेत. सुजलेल्या तोंडावर कळेना. चपराशाला चौकीकडं पिटाळलं. मग मला विचारलं, "बीबी के हाथ कब से ऐसे हैं?"

मी तिच्याकडं पाहिलं.

"आज एकोनीस दीस," ती म्हणाली.

साहेबांनी आपला हात खाली घेतला. मग हळूच म्हणाले, "मास्टरसाब, आप तो कुर्सी घिस रहे थे. बच्चों को पढ़ाता कौन था?"

"माझ्यापशी बसत हुती पोरं," गंगम्मा म्हणाली.

"बैठते थे, या पढ़ते थे?"

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. "शिकत हुती," ती म्हणाली.

बलभीम आला. ओठ फुटला होता. गंगम्मानं घरून तीळ आणि खोबरं लोण्यात वाटून आणलं होतं. ते त्याच्या हातात देऊन साहेबांना कसं लावायचं ते सांगितलं. त्यानंच लावलं. ज्यांच्यापायी मार खाल्ला त्यांच्या तोंडाला तो इतक्या हलक्या हातानं लेप देत होता की मला बघवेना. मी पायरीवर जाऊन बसलो. इजाजतीचं कुणीच बोललं नाही. विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी आठवणही नव्हती.

येताना गाडीत विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं आसतं तर खुर्ची अर्धी र्‍हायली आसती."

"मी थांबलो असतो, गंगम्मा."

बैल चालत होते. ती वाटेकडं बघत होती. मग म्हणाली, "थांबला आसता का न्हाय, ते मला बघायचं नव्हतं."

मी थांबलो असतो का? तेव्हापासून स्वतःला विचारतोय. दहा तारखेला जाड भाकरीची तक्रार मीच लिहिली आहे. बारा तारखेचंही माझंच अक्षर. ती पानं फाडावीशी वाटली. फाडली नाहीत.

ती असंही म्हणाली की चूक तिचीही आहे. तिनं हात दाखवले असते तर बिब्बा किती उततो हे मला पटलं असतं आणि साहेब वाचले असते. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझ्याकडं न्याय करायची पात्रता उरलेली नाही.

शनिवार, १ जानेवारी १९४४

खुर्ची परसात उन्हात ठेवली आहे. काळी, तुकतुकीत, देखणी. तिच्याकडं बघवत नाही. बंडप्पा येऊन बघून गेला. 'म्या सांगितलं हुतं' असं म्हणाला नाही, हे त्याचे उपकार.

मुलं जमिनीवर बसतात, मीही. भाकरी धुरपताबाईच टाकतात. नको म्हटलं तर म्हणाल्या, "तुमी टाकताव का?" एक टाकून पाहिली. तव्यावर तिचे तीन तुकडे झाले. गंगम्मानं ते गुपचूप खाल्ले.

रविवार, ९ जानेवारी

लिफाफा आला. चपराशानं या वेळी पाणी मागितलं नाही, थांबून राहिला. साहेबांची सूज उतरली म्हणाला.

अर्ज परत आलाय. तिसऱ्यांदा. ओसरीवर बसूनच वाचला. सामानाच्या रकान्यात: काबिल, परंतु उन्हाळ्यापर्यंत खुर्चीत कुणीही बसू नये. उस्तादांच्या, म्हणजे शिक्षकांच्या, रकान्यात मी 'एक' लिहिलं होतं, दर वर्षी लिहितो. त्याला लाल शाईनं गोल केलाय आणि खाली साहेबांच्या हातचं: पाहणीत दोन आढळले. दुरुस्त करून, दोन्ही उस्तादांच्या दस्तखतीनं अर्ज पुन्हा पाठवावा. येताच इजाजत देण्यात येईल.

गंगम्माला मराठी करून सांगितलं. तिनं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. या वेळी मी उठून आत गेलो. ती रडत होती. मी शेजारी बसलो.

सोमवार, १० जानेवारी

नवा अर्ज लिहिला. उस्ताद: दोन. मल्लिनाथ शिवशरण, गंगम्मा मल्लिनाथ. तिच्या नावापुढं यत्ता लिहिल्या, सोलापूरच्या शाळेचं नाव लिहिलं. माझी सही केली आणि टाक तिच्यापुढं धरला.

तिनं तो घेतला. बोटं मिटेनात. टाक घरंगळला, कागदावर शाईचा ठिपका पडला.

मी म्हटलं, "मी करू का तुझ्या नावाची? कुणाला कळणार आहे?" बोलताना घाई होती माझ्या आवाजात, मलाच ऐकू आली.

"न्हाय," ती म्हणाली. "एवढी माझी मला करू द्या."

रविवार, १६ जानेवारी

अर्ज कोनाड्यात आहे. ती रोज एकदा टाक धरून बघते. अंगठा वळतो, पहिलं बोट नाही. वैद्य म्हणतात, अजून पंधरा दिवस, कदाचित महिना. पाठवायला तारखेची अट नाही, पण साहेबांची बदली झाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. रोज सकाळी हे मनात येतं. रोज गप्प राहतो.

वर्गात तारामतीनं विचारलं, "मास्तर, इजाजत कवा येनार?"

मी सांगितलं, "बाईंचा हात बरा झाला की."